पिवळ्या दिव्यावरची टिकली

गाडीले काय दुखते ते मी नुसत्या आवाजावरून सांगतो, हे आमच्या पंचक्रोशीत साऱ्याले मालूम आहे. साऱ्याले मीच सांगत फिरलो, आन् माह्या सोताच्या गाडीत सहा महिने पिवळा दिवा पेटून राह्यला तं तो कायले पेटला ते मले समजलं नाही.

दिवा म्हणजे काय, इंजनाचं एवढंसं चित्र. मी शाळा चौथीत सोडली, तवा अक्षराचा दिवा असता तं माफ होतं, पण हे चित्र होतं. मले ते बदकासारखं दिसलं. घरी येऊन मी पोरीच्या मायले म्हणलो, "गाडीत बदक येऊन बसलं व."

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणे, "तुम्ही बसता तिथं मोर थोडाच येऊन बसन."

गाडी जुनी. फुलसावंगीच्या अलीकडे माहं गाव, तिथं पहिले माह्याजवळ बैलजोडी होती. गुडघे गेले, वावर ठोक्यानं कसाले दुसऱ्याले देलं, बैल विकले आन् ही मोठी सात सीटची डिझेल गाडी घेतली. राजूरकडल्या एका कोळशाच्या ठेकेदाराची होती. वरून पांढरी, पण आत बसलं की बसणाऱ्याचं धोतर काळं. पहिल्या वर्षी एका लग्नाचं वऱ्हाड नेलं तं नवरदेवाचा मामा मांडवापुढं असा उतरला, जसा खाणीतून पाळी करून आला. तवापासून मी सीटवर चादर टाकतो. बाकी गाडी इमानदार. बाजार असो, लग्न असो, दवाखाना असो, लोक मलेच बलावत.

आता जे सांगाचं आहे त्याची मले लाज वाटते, म्हणून लौकर सांगून टाकतो.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून खांदा दुखते, म्हणून कोमट तूप आन् हळद पळसाच्या पानानं चोळाची. मग बैलाच्या कानात सांगाचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मिसरूड फुटाच्या पहिलेपासून मी हे करत आलो. बैल गेल्यावर दोन पोळे मी ओट्यावर बसून दुसऱ्याचे बैल पाह्यले. तिसऱ्या पोळ्याले राह्यवलं नाही. वाटीत तूप कोमट केलं, हळद कालवली, आजूबाजूले कोणी नाही असं पाह्यलं आन् गाडीजवळ गेलो.

गाडीचा खांदा कुठं असते हे कोणाले विचाराचं? मी बोनेट उघडलं. आत एक जाड काळा नळा होता, चुण्याचुण्याचा, मधात उचललेला, थेट बैलाच्या वशिंडासारखा. मले वाटलं हाच खांदा, सारा भार याच्यावरच येत असन. त्याले मी वरून चोळलं, खालून चोळलं, बाजूच्या तारा होत्या त्यायलेबी चोळलं, की त्यायले वाईट नको वाटाले. मग कान शोधला. साइडच्या आरशाजवळ तोंड नेलं आन् हळूच म्हणलो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

चौथ्या दिवशी बदक आलं.

बदक आलं की गाडीचा जीव जाते. सपाटीवर कशीबशी चालते, चढ लागला की म्हशीसारखी बसाले पाहते, मागून काळा धूर. गावात मोटरसायकली दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. त्यानं बॅटरीची तार काढली, दहा मिनिटं बिडी ओढली, तार परत लावली. दिवा गेला. मी त्याची पाठ थोपटली, पण मनात म्हणलो, यानं काय केलं, बिडी ओढली. खरा गुण तुपाचा आहे, फक्त थोडं कमी पडलं. बैलाचा खांदा सुजला की मी दर अवसेले तूप लावत होतो, दोन-तीन अवसेत सूज उतरत होती. गाडी तं बैलाहून मोठी.

म्हणून मी दर अवसेले तूप लावाले लागलो. तीन-चार दिवसानं बदक येत होतं. मग बॅटरीची तार काढाची, दिवा जात होता, तीन-साडेतीन आठवडे गाडी बरी चालत होती, तवर दुसरी अवस. हे दोन्ही मी कधी एकमेकाले जोडून पाह्यलं नाही. आवाजावरून ओळखणाऱ्याले एवढं पाहाची गरज वाटत नाही.

दिवाळीले पोरगी आली. पाचवा महिना होता, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. डॉक्टरीण म्हणे जास्त हिंडूफिरू नका, म्हणून ती राहूनच गेली. पोरीच्या मायनं धान्याच्या कोठ्या सरकवून एक खोली मोकळी केली, जुन्या लुगड्याच्या लहान लहान गोधड्या शिवाले काढल्या. तिले तवा मी जेवढी खूश पाह्यली तेवढी माह्या लग्नातबी नव्हती, आन् त्यात तिची चूक नाही.

पण दवाखाना पुसदले. आमच्या गावाहून सवा तास, मधात चढ. ॲम्बुलन्स येते, पण ती आमच्या गावाले येईपर्यंत आपल्या गाडीनं माणूस दवाखान्याच्या दारात पोचते. म्हणजे सारं त्या गाडीवर होतं. गाडी धड असन तं पोरगी माहेरी बाळंत होईन, नाही तं तिले सासरी कळंबले न्याव लागन. पोरीचे सासरे, म्हणजे माहे इवाई, दिवाळीतच बोलले होते. "बाकी काही नाही जी, तेवढं गाडीचं पाहून ठेवा."

मी म्हणलो, "इवाई, गाडीचं तुम्ही मले सांगता?"

ते काही बोलले नाही. त्यायची तीच आदत वाईट आहे.

पुसदले एक म्हातारे मिस्त्री आहेत, आम्ही त्यायले चाचा म्हणतो. त्यायच्याजवळ स्कॅनर आहे. स्टेअरिंगखाली वायर खुपसली की गाडी आपलं दुखणं नंबरानं सांगते. मी गाडी घेऊन गेलो. आता माणूस डॉक्टरकडे जातानी पाय धुवून जाते, तसं मी जातानी रस्त्यात गाडी थांबवून, बोनेट उघडून, फडक्यानं सारी हळद पुसून घेतली. चाचानं पाह्यलं तवा इंजन लग्नाच्या नवरीसारखं चकाचक.

चाचा म्हणे, "पी झिरो वन झिरो टू. हवा नापने का सेंसर है, उसका कोड आ रहा."

"म्हणजे काय जी?"

"इंजन में कितनी हवा जाती, वो नापता. उसकी खबर बराबर नईं पहुंच रई. अंदर कुछ हाथ डाले थे क्या?"

"मी? मले तं बोनेट उघडताबी येत नाही, चाचा."

त्यायनं माह्याकडे पाह्यलं, मग चकचकीत इंजनाकडे पाह्यलं. सेंसर काढला, औषधाचा फवारा मारून साफ केला, कोड पुसला. मी खुशीत घरी आलो. अवस आली, मी तूप लावलं, चौथ्या दिवशी बदक हजर. परत गेलो, रस्त्यात हळद पुसली. चाचानं सेंसरच नवा टाकला. अवस झाली, बदक आलं. तिसऱ्या खेपेले चाचानं चष्मा काढून डोळे चोळले. म्हणे, "भाऊ, कोड झूट नईं बोलता, पर पूरी बात बी नईं बोलता. तुम ऐसा करो, दिवा किस दिन आता वो लिख के रखो."

लिहाचं आलं म्हणून ते काम पोरीकडे गेलं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरात गोल कराले सुरुवात केली. मी बाहेरून आलो की खाटेवरूनच विचारत होती, "बाबा, आज आला काय?" आला म्हणलं की एक गोल. मागच्या तारखाबी मले आठवाले लावून विचारून घेतल्या. नवीन साल लागलं तरी तिनं जुनं कॅलेंडर काढू देलं नाही, नव्याच्या खाली तसंच खिळ्याले अडकवलं.

इकडे घरात तूप कमी होऊन राह्यलं होतं. पोरीच्या मायनं डिंकाचे लाडू कराले साचवलेलं तूप. ती म्हणे मांजर खाते. मी म्हणलो, मांजरच असन. एक दिवस तिनं त्या मांजरीले लाटणं फेकून मारलं. मी खाली मान घालून जेवत राह्यलो. ती मांजर अजूनही मले पाह्यलं की थांबते, मग निघून जाते.

सातव्या महिन्यात पोरीनं मले दोन्ही कॅलेंडरं दाखवले. "बाबा, हे गोल पाहा. साऱ्या गोलाच्या तीन-चार दिवस पहिले अवस आहे. अवसेले तुम्ही काय करता गाडीले?"

पोरगी बारावी शिकली आहे. म्हणलो, "काही नाही व, नारळ फोडतो."

"नारळ कुठं फोडता?"

"चाकापुढं."

"मग दिवा काहून येते?"

"काही नाही होत, दिवाच तं आहे."

तिनं परत विचारलं नाही. विचारलं असतं तं मी सांगतलं असतं, असं मी आजवर लोकायले सांगतो, पण सांगतलं नसतं.

त्यातच गाडीत बसणारा जो तो विचाराले लागला, हा दिवा कायचा? मी सांगून सांगून थकलो. एक दिवस आरशाजवळच्या पाकिटातून पोरीच्या मायची मोठी मरून टिकली घेतली आन् दिव्यावर चिकटवून देली. दिवा बरोबर झाकला. गाडी सवाष्ण दिसाले लागली. लोकायचं विचारणं बंद झालं, आन् खरं सांगतो, दोन-चार दिवस मलेबी वाटलं की गाडी सुधारली.

आठव्या महिन्यात पोरीले तपासणीले पुसदले न्याचं होतं. पोरीची माय मागं, पोरगी पुढं माह्या बाजूले, पोटावर हात ठेवून. अवस होऊन पाच दिवस झालेले. चढ लागला आन् गाडीनं जीव सोडला. मी पहिला गिअर टाकला. कापसानं भरलेला एक ट्रॅक्टर मागून आला, हॉर्न वाजवला आन् पुढं गेला. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून पाह्यलं, की यायले काही मदत पाह्यजे काय. मी त्याले हात केला, जसा काय मीच त्याले जाऊ देलं.

"बाबा, गाडी अशी काहून करते?"

"चढ आहे ना व."

"हा चढ मागच्या महिन्यातबी होता."

"थंडीचे दिवस आहे. काही नाही होत."

तिची नजर डॅशबोर्डावर गेली. टिकलीच्या कडेनं पिवळा उजेड येऊन राह्यला होता, बारीक. तिनं हात लांब केला, नखानं टिकली काढली. बदक ठळक पेटलेलं. तिनं त्याच्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलंच नाही. टिकली आपल्या कपाळाले लावली आन् खिडकीबाहेर पाहत बसली. त्या चढाले आम्हाले किती वेळ लागला मले मालूम नाही, पण मी तिथून म्हातारा होऊन निघालो.

रविवारी इवाई आले, आपली लहान गाडी घेऊन. मले वाटलं भेटाले आले. पाणी पेले, आन् म्हणे, "चाला, तुमची गाडी दाखवा." मी दार उघडलं. ते बाजूच्या सीटवर बसले, चादर सरकली होती ती नीट केली.

"चाबी घाला."

चाबी घातली. दिवा पेटला. मी म्हणलो, "चाबी घातल्यावर साऱ्याच गाडीत पेटते, इवाई."

"हो. सुरू करा."

सुरू केली. बाकीचे दिवे गेले. बदक राह्यलं. आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत बसलो. माह्या तोंडात पन्नास गमती येत होत्या, एकबी बाहेर निघाली नाही. इवायानं काही वाईट शब्द काढला नाही. "बरं," म्हणे, आन् घरात जाऊन चहा पेले. चहा झाल्यावर हळूच म्हणे, "पोरीले घेऊन जातो जी. कळंबले दवाखाना घराच्या जवळच आहे. राग नका धरू."

पोरीनं पिशवी पहिलेच भरून ठेवलती. मले वाटलं, सासऱ्याचा स्वभाव ओळखून भरली असन.

पोरीची मायबी तिच्यासंग गेली. इवायाच्या घरी महिना-दीड महिना राहाचं, त्यायच्या घरचं खायाचं, तेबी पोरीच्या पहिल्या बाळंतपणात, हे आमच्यात बाईमाणसाले लय जड जाते. लहान लहान गोधड्या तिनं लुगड्यात बांधून मांडीवर घेतल्या. गाडीत बसतानी माह्याकडे न पाहता म्हणे, "तूप फळीवर आहे. मांजर आली तं देजा."

तवा मले समजलं की तिले समजलं होतं.

रिकाम्या घरात मी दोन दिवस कच्च्या भाकरी खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही कॅलेंडरं खिळ्यावरून काढले, गुंडाळले आन् चाचाकडे गेलो. रस्त्यात थांबलो नाही. काहीच पुसलं नाही.

चाचानं कॅलेंडरं पाह्यले, बोटानं गोल मोजले. म्हणे, "ये तो सब अमावस के बाद का है. अमावस को क्या करते तुम?"

मी सारं सांगतलं. पोळा, खांदा, वशिंड, आरशाचा कान, रस्त्यातलं फडकं. चाचा हसतील असं वाटलं होतं, मी तशी तयारीबी केलती. ते हसले नाही. बोनेट उघडलं, हातातला टॉर्च लावला, एक लहान आरसा दांडीले बांधलेला होता तो नळ्याच्या खाली धरला. म्हणे, "देखो."

नळ्याच्या खालच्या अंगाले, जिथं माहं फडकं पोचत नव्हतं, तिथं पिवळं तूप थिजून बसलेलं. त्याच्यात उंदराच्या लेंड्या. आन् सेंसरले जाणाऱ्या तारा कुरतडून कुरतडून उघड्या पडलेल्या, तांबं चमकून राह्यलं होतं.

"घी की बास से चूहा आता," चाचा म्हणे. "पहिले घी चाटता, फिर तार खाता. चढाव पे इंजन हिलता तो नंगी तार लोहे को लगती, कोड आ जाता. तुम फडके से पोंछते, तार सरक जाती, थोडे दिन गाडी ठीक चलती. इसलिए मेरे कू कबी दिखा नईं."

आवतन मी गाडीले देलतं. जेवाले उंदरं आले, दर अवसेले, न चुकता.

चाचानं तारा कापून नव्या जोडल्या, वरून जाड नळी घातली, खालून बारीक जाळी मारली. सारं डिझेलनं धुतलं. तूप निघता निघत नव्हतं. म्हणे, "पहिले दिन बोलते तो पहिले दिन हो जाता." मी म्हणलो, लाज वाटत होती. "लाज," ते हात पुसत म्हणे, आन् पुढच्या गाडीकडे गेले.

त्यानंतर एक अवस गेली. मी तुपाच्या बरणीले हात लावला नाही. चौथा दिवस गेला, पाचवा गेला, दिवा आला नाही. मी एकटाच तो चढ दोनदा चढून पाह्यला. पाह्यजे तशी पळाली. पण गाडीत कोणी नव्हतं.

मग कळंबहून फोन आला, पोरगी झाली, दोघीबी चांगल्या आहेत. मी गाडी काढली. एवढ्या लांबचा रस्ता, साऱ्या रस्त्यात मी रोडकडे कमी आन् डॅशबोर्डाकडे जास्त पाह्यलं. दिवा नाही. इवायानं दारातच माहा हात धरला, इहीनबाईनं पाणी आणून देलं, कोणी गाडीचं नाव काढलं नाही. पोरीची माय त्यायच्या चुलीपुढं बसून शेकशेगडीच्या गोवऱ्या फोडत होती, पाहुण्यासारखी, अंग चोरून.

पोरगी खाटेवर होती. नात माह्या हातात देली. माह्या हातावर मावन एवढी, झोपलेली. मले खरं तं माफी मागाची होती. पण तोंडाले आदत नाही.

म्हणलो, "गाडी झाली व नीट. उंदरानं तार खाल्ली होती. आता दिवा नाही. तुह्या सासऱ्यानं पंधरा दिवस दम धरला असता तं ही आपल्या घरी झाली असती."

पोरीनं नातीच्या तोंडावरचं फडकं सारखं केलं. कपाळाले तीच मरून टिकली होती, की तशीच दुसरी, मले समजलं नाही.

"मामंजीले काही बोलू नका," ती म्हणे. "त्यायले फोन मीच केलता. माह्या पोटात कळा आल्या असत्या, तं तुम्ही त्याच्यावरबी टिकलीच लावली असती."